हातानं भरवलेला आणि हाताला सरावलेला

"काका, हँडफेड हाय म्हणतोय. म्हंजे टेमच की न्हवं?"

अनगोळहून पुतण्याचा फोन. मागं बजऱ्यांचा, म्हणजे त्या छोट्या रंगीत पोपटांचा, कलकलाट, म्हणजे स्वारी दुकानातच उभी होती. मी विचारलं, "पैसे दिलास?" "न्हाई अजून." "मग आदी बाहीर ये, च्या पी, तवर मी सांगतो."

त्या दिवशी फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं हे दोन शब्द एका दमात म्हटले जातात: हँडफेड-टेम. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईकही म्हणतं. पक्ष्याच्या बाबतीत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही.

हँडफेड म्हणजे पिल्लू आईबापांच्या चोचीतून न जेवता माणसाच्या सिरिंजमधून किंवा वाकवलेल्या चमच्यातून जेवलं. एवढंच. साधारण दोन-तीन आठवड्यांचं असताना ते घरट्याच्या पेटीतून काढतात, उबेत ठेवतात आणि फॉर्म्युल्याची, म्हणजे पिल्लांच्या तयार खाण्याची, पावडर कोमट पाण्यात कालवून भरवतात. दोन-तीन आठवड्यांचं कॉकटेलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू कधी जवळून बघा. अंगभर पिसांच्या नळ्या, साळिंदरासारख्या. डोक्यावर तुऱ्याचे चार काटे. सिरिंज दिसली की ते मान वरखाली आपटायला लागतं आणि गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज काढतं. चोचीच्या डाव्या बाजूनं सिरिंज धरून उजवीकडं सोडायची, कारण पक्ष्याची अन्ननळी मानेच्या उजव्या अंगाला असते. गळ्याखालची पिशवी, जिला सगळे क्रॉप म्हणतात, ती डोळ्यांदेखत फुगत जाते. पातळ कातडीतून आतला पिवळसर लगदासुद्धा दिसतो. घाई झाली आणि फॉर्म्युला श्वासनळीत गेला, तर पिल्लू तिथंच दगावू शकतं.

टेम, म्हणजे माणसाळलेला, हा त्या पक्ष्याचा आजचा स्वभाव. हात जवळ आला की तो मागं सरत नाही. बोट पोटाशी टेकवलं की पाय उचलून चढतो. ओरडा न करता खांद्यावर बसतो, आणि पोट भरलेलं असतानाही बसतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, त्याकडं परत येतो.

मोठ्या प्रमाणावर पैदास करणाऱ्याकडं तीस-चाळीस पिल्लं ओळीनं टबात असतात. त्यातला एक जण नळी लावलेली सिरिंज घेऊन सरळ क्रॉपमध्ये फॉर्म्युला सोडत पुढं सरकतो. एका पिल्लाच्या वाट्याला काही सेकंद. ते पिल्लू शंभर टक्के हँडफेड आहे, दुकानदार खोटं बोलत नाही. पण त्या पिल्लाला माणूस म्हणून कळलंय काय, तर वरून येणारी एक नळी. पुढं ते स्वतः खायला लागलं, दुकानात दहा जणांच्या पिंजऱ्यात पडलं आणि महिनाभर कुणी हात लावला नाही, तर असलेला थोडाफार धीटपणाही जातो.

उलट, आईबापांनीच वाढवलेलं पिल्लू माणसाळू शकतं. यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अमेझॉन पोपटांवर काम केलं, ते १९९९ साली प्रसिद्ध झालं. पिल्लं घरट्यातच ठेवली, भरवायचं काम आईबापांचंच. माणसांनी फक्त रोज थोडा वेळ ती बाहेर काढून हाताळली. न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा ही पिल्लं माणसाला कितीतरी कमी बिचकली. मला वाटतं आपल्या पेठेतल्या निम्म्या गैरसमजांवर एवढं एकच काम पुरेसं उत्तर आहे. माणसाळवतो तो रोजचा सहवास. सिरिंज नसली तरी चालतं.

मग दुकानात ते पिल्लू लडिवाळपणे अंगावर का येतं? भुकेनं. भुकेलं पिल्लू कुणाच्याही बोटाकडं धावतं, मान हलवतं, पंख थरथरवतं. आपल्याला वाटतं, याला माझा लळा लागला. ते आपल्याला सिरिंज समजलेलं असतं. म्हणून पोट भरल्यावर बघा, असं मी म्हणतो. आणखी दोन गोष्टी टेमपणासारख्या दिसतात. पंख छाटलेले असले की पक्षी उडू शकत नाही म्हणून बोटावर बसून राहतो, नजर मात्र पळवाट शोधत असते. आणि आजारी पक्षी. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून गप बसलेला पक्षी "शांत हाय वो, चावत न्हाई" म्हणून विकला गेलेला मी बघितलाय.

आता राघूचं. हा मुद्दा आला नाही असं आपल्याकडं होतच नाही. गावाकडं कुणीतरी सांगतंच, "ढोलीतनं काढलेलं पिल्लू, मी सोता भाकरी चावून भरवलंय, ते हँडफेड न्हवं का?" शब्दशः बघितलं तर आहे. कायदा मात्र कुणी भरवलं ते विचारत नाही. जोंधळ्यावर थव्यानं उतरणारा आपला राघू, कानडीतली गिळी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, तो अनुसूची दोनमध्ये आहे. पकडणं, विकणं, पाळणं सगळा गुन्हा. मोठा पहाडी पोपट आणि खानापूरच्या रानातला लाल डोक्याचा तोईया यांनाही हात लावायचा नाही. निळा किंवा पिवळा रिंगनेक "फॉरेन" म्हणून दाखवतात, तोही जातीनं राघूच. मी त्या वाटेला जात नाही. कॉकटेल, बजरी आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत नाहीत. सन कन्युअर आणि आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणं त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसेल तर पिल्लू कितीही गोड असू दे, तसंच परत फिरावं.

हँडफेड या एका शब्दात आणखी एक फसगत दडलीय, आणि ती मी स्वतः भोगलीय. हँडफेड म्हणजे भरवून झालेला, की अजून भरवायचा? दुकानात दोन्हीला एकच शब्द. भरवून झालेल्याला जाणकार "सेल्फ" म्हणतात, म्हणजे स्वतः दाणे फोडून खाणारा. मी तीन वर्षांपूर्वी साडेचार आठवड्यांचं कॉकटेल आणलं. विकणाऱ्यानं पाच मिनिटांत सिरिंज धरायला शिकवलं, पावडरीचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाला, "दिसातनं चारदा द्या, पंधरा दिसात सेल्फ हुतंय." वर हेही सांगितलं की तुम्ही भरवलं तर तुमच्याशीच पक्कं टेम होईल.

महिना जुलै. बेळगावचा जुलै म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. कपडे चार दिवस वाळत नाहीत. संध्याकाळी लाईट गेली, पेटीतला बल्ब बंद. मी मेणबत्तीच्या उजेडात फॉर्म्युला कालवला आणि बोट बुडवून "लागतंय की कोमट" म्हणून भरवला. तो हवा ३९ ते ४१ अंश. त्याहून फार गरम असला तर क्रॉप आतून भाजतो, गार असला तर पुढं सरकत नाही, तिथंच आंबतो. बोटाला यातलं काही कळत नाही, थर्मामीटर लागतो. सकाळी बघतो तर पिशवी रात्रीइतकीच भरलेली, हाताला पिठाच्या गोळ्यासारखी, आणि चोचीला आंबूस वास. डॉक्टरांनी पिशवी धुऊन दिली. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं.

तेव्हापासून मी कुणालाही भरवायचं पिल्लू आणू देत नाही. आपण भरवलं तरच लळा लागतो, हे विकणाऱ्याच्या सोयीचं बोलणं. पिल्लू लवकर गेलं की त्याची मेहनत आणि जोखीम दोन्ही आपल्या घरी आली. सेल्फ झालेलं पिल्लूही नव्या घरात येताना सगळं नव्यानंच शिकतं. दोन-चार दिवस ते परत पिल्लासारखं मान आपटून मागेल, तेव्हा भिजवलेलं मऊ काहीतरी चमच्यानं पुढं करावं. त्यात त्याचा कमीपणा नाही आणि आपलाही नाही.

पुतण्याला फोनवर सांगितलं ते असं. पहिला प्रश्न, "शेवटची सिरिंज कधी दिलासा?" काल-परवा म्हणाला तर सोड. आठ-दहा दिवस झाले म्हणाला तरी नुसतं ऐकून घेऊ नको, सकाळी दुकान उघडताना जा आणि ते पिल्लू दाणा फोडताना डोळ्यांनी बघ. खाल्लेल्या दाण्याचं टरफल मोकळं पडतं. नुसता चघळून टाकलेला दाणा ओला आणि अख्खा असतो. कॉकटेल असेल तर वय आठ-दहा आठवड्यांच्या आत नको. वजन करायला लाव, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. मोठं कॉकटेल ८० ते १०० ग्रॅम भरतं, त्यापेक्षा फार खाली असेल आणि छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल, तर ते उपाशी आहे.

टेम आहे का, ते त्यानंतर बघायचं, पक्षी जेवून तृप्त असताना. हातात काही न घेता हात पिंजऱ्यात ठेव आणि गप उभा राहा. कॉकटेलचा तुरा सगळं सांगतो. डोक्याला चप्पट चिकटला आणि वर फुसकारला, तर भ्यालाय किंवा चिडलाय. ताठ उभा राहिला तर दचकलाय. मधेच सैल, टोक जरासं वर वळलेलं, तर निवांत आहे. विकणाऱ्याच्या बोटावर चढतो ही परीक्षा नव्हे, तुझ्या बोटावर चढायला पाहिजे. नाही चढला तरी बिघडत नाही, फक्त टेमचे म्हणून जास्तीचे पैसे देऊ नको.

"मग काका, न भरवलेला घेतला तर?"

घे की. वेळ आहे का तेवढा सांग. पोरगा थोडा हिरमुसला, पण ऐकला. पुढच्या रविवारी आम्ही वडगावात एकाच्या घरी गेलो. चारच जोड्या, पिल्लं आईबापच वाढवतात. त्यांची शाळकरी मुलगी रोज संध्याकाळी अभ्यासाला बसते तेव्हा पिल्लं टोपलीतून बाहेर काढून मांडीवर घेते, अर्धा तास. आम्ही गेलो तेव्हा एक पिल्लू तिच्या कंपासपेटीचं झाकण चावत होतं. नऊ आठवड्यांचं, सिरिंज कधी बघितलेली नाही. पुतण्यानं तेच घेतलं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, मांडीवर धरून, रिक्षानं.

घरी आल्यावर दोन दिवस ते पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात. पुतण्याचे दिवसातून तीन फोन. मी म्हटलं, पिंजरा भिंतीला लावून ठेव, घरातली वर्दळ दिसू दे, हात घालू नको, आणि आजीला सांग की बटरफ्रूटचा, म्हणजे अवाकाडोचा, ज्यूस कितीही चांगला असला तरी पक्ष्याला विषारी असतो. तिसऱ्या दिवशी वहिनी पिंजऱ्याशेजारी सुपात राळे निवडत बसल्या होत्या. दार उघडं होतं. ते खाली उतरलं, जमिनीवरून पाय ओढत चालत आलं, सुपाच्या काठावर चढलं आणि वहिनींच्या बोटांमधून एकेक दाणा उचलायला लागलं.

संध्याकाळी मी गेलो तर वहिनी सूप तसंच धरून बसलेल्या. म्हणाल्या, "भावजी, हे हातानं भरवलेलं न्हवं म्हणालासा की?"