भुंगेऱ्याच्या नव्या जातीचे वर्णन

भुंगेऱ्याची आजवर नोंद न झालेली जाती प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार जगापुढे मांडण्याची पद्धत. भुंगेरा रानात सापडला एवढ्याने जाती नवी ठरत नाही. आधी वर्णन झालेल्या कोणत्याही जातीत तो बसत नाही, हे त्याच्या शरीरावर बोट ठेवून दाखवावे लागते. भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींची वर्णने झाली आहेत; ज्ञात प्राणिजातींपैकी जवळजवळ पाव जाती या एकाच गणातल्या. त्यामुळे ‘हा कशातच बसत नाही’ हे सिद्ध करणे हाच या कामातला सर्वांत कष्टाचा भाग असतो.

नव्या जाती पुष्कळदा संग्रहालयाच्या कपाटांत सापडतात. चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे पकडलेला एक भुंगेरा लंडनच्या संग्रहात वर्णनाविना पडून होता. २०१४ मध्ये तो ‘डार्विनिलस सेडारिसी’ या नावाने प्रसिद्ध झाला. केनियातून १९६५ मध्ये गोळा केलेला, एक मिलिमीटरहूनही लहान असा ‘नेलॉप्टोडिस ग्रेटी’ २०१९ पर्यंत बिननावाचाच होता. नमुने गोळा करणारे हात पुष्कळ असतात. ते ओळखू शकणारे डोळे मात्र फार थोडे.

वर्णनाची सुरुवात डोक्यापासून होते. जंभांची म्हणजे जबड्यांची ठेवण, संयुक्त नेत्रांचा आकार आणि शृंगिका म्हणजे डोक्यावरच्या मिशा येथे पाहतात. शृंगिकेला बहुधा अकरा खंड असतात. शेणकिड्यांत शेवटचे खंड पात्यांसारखे पसरट असतात, तर सोंडकिड्यांत बहुधा संपूर्ण शृंगिकाच कोपरातून वाकलेली दिसते. पुढे येते वक्ष; त्याचे अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष असे तीन भाग. वरून पाहताना डोक्यामागे जी रुंद ढाल दिसते ती केवळ अग्रवक्षाची पाठ होय. मध्यवक्ष आणि पश्चवक्ष कवचपंखांखाली झाकलेले असतात. मध्यवक्षाचा एक छोटा त्रिकोण तेवढा दोन्ही कवचपंखांच्या मुळाशी डोकावतो. कवचपंख म्हणजे कठीण झालेली पंखांची पुढची जोडी. उडण्याचे काम त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले पातळ मागचे पंख करतात. कवचपंखांवरच्या उभ्या रेघा, त्यांतले खळगे, मधल्या पट्ट्यांवरचे केस हे सारे मोजून-मापून लिहितात. डोके आत ओढले जाते आणि पोट सुकून आक्रसते, म्हणून नुसत्या एकूण लांबीवर भिस्त ठेवत नाहीत. अग्रवक्षाची रुंदी आणि लांबी, कवचपंखांची रुंदी आणि लांबी यांची गुणोत्तरे देतात.

पायांच्या टोकांकडे दुर्लक्ष केले तर कुलच चुकू शकते. पावलाचे खंड पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायांवर किती आहेत याचे सूत्र लिहितात: पाच-पाच-पाच, पाच-पाच-चार असे. लांबशिंगी आणि पानखाऊ भुंगेऱ्यांत पावलाचे चारच खंड दिसतात. भिंग वाढवले की तिसऱ्या, दुभंगलेल्या खंडाच्या बेचक्यात दडलेला इवलासा चौथा खंड सापडतो. शिकारी भूभुंगेऱ्यांत मागच्या पायाचे मूळ शरीराला घट्ट जोडलेले असते आणि ते पोटाचा पहिला दृश्य खंड मध्येच तोडते. या एका खुणेवरून पूर्ण उपगण ओळखता येतो.

तरीही बाहेरून तंतोतंत सारखे दिसणारे दोन भुंगेरे वेगळ्या जातींचे असू शकतात. अशा वेळी निवाडा जननांगांवर होतो. सुकलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करतात, पोटातून जननांग काढतात आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात ठेवतात. स्नायू आणि चरबी विरघळून जाते, कायटिन या कठीण पदार्थाचा सांगाडा उरतो. नराच्या मध्यनलिकेचा बाक, तिचे टोक, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि आतल्या पिशवीवरचे काटे हे बाजूने आणि वरून, दोन्हीकडून रेखाटावे लागतात. मादीत शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा आकार पाहतात. काम झाल्यावर हा अवयव ग्लिसरीन भरलेल्या छोट्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला अडकवतात. एका मिलिमीटरच्या भुंगेऱ्यावर हे करताना हात किंचित हलला तरी एकमेव पुरावा हातचा जातो. या कामाला फार कौशल्य लागते.

रंगावर विसंबणे सर्वांत धोक्याचे. दोन ठिपक्यांचा चित्रांग भुंगेरा (लेडीबर्ड) लाल अंगावर काळे ठिपके घेऊन येतो, तसाच काळ्या अंगावर लाल ठिपके घेऊनही, जाती एकच. कित्येक शेणकिड्यांत थोराड नराला लांब शिंगे, तर खुज्या नराला नाममात्र शिंगे असतात. म्हणून शक्य तेवढे नमुने, नर आणि माद्या दोन्ही, पाहावे लागतात.

नवी जाती मांडणाऱ्या शोधनिबंधातला कळीचा भाग ‘भेददर्शन’ हा. जवळच्या जातींची नावे घेऊन नवी जाती नेमक्या कोणत्या खुणांनी वेगळी, हे त्यात सांगतात. पानभर वर्णन असूनही भेददर्शन मोघम असेल, तर पुढच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही. जातीचे नाव मात्र शब्दांना नव्हे, एका नमुन्याला बांधलेले असते. त्याला मूलनमुना किंवा होलोटाइप म्हणतात. १९९९ नंतर मांडलेल्या जातीसाठी नावाचा आधार असलेला नमुना स्पष्टपणे नेमणे बंधनकारक आहे. मूलनमुना असेल तर तो कोणत्या संग्रहात ठेवला तेही लिहावे लागते. टाचणी उजव्या कवचपंखातून टोचतात आणि तिच्यावर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव असलेल्या चिठ्ठ्या लावतात. मूलनमुन्याला लाल चिठ्ठी लावण्याचा प्रघात आहे.

प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनिअसच्या १७५८ मधील वर्गीकरणापासून धरतात. नावानंतर वर्णनकर्ता आणि वर्ष येते. सात ठिपक्यांचा चित्रांग म्हणजे कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा लिनिअस, १७५८. दोन ठिपक्यांचा मात्र अडालिया बायपंक्टाटा (लिनिअस, १७५८) असा लिहितात. येथला कंस सांगतो की लिनिअसने ही जाती वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातली होती आणि नंतर ती हलवली गेली. एकदा नियमाने दिलेले नाव आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. स्लोव्हेनियातील गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये दिलेले ‘अनॉफ्थॅल्मस हिटलेरी’ हे नाव आजही वैध आहे, आणि त्या नावापायी संग्राहक त्याच्यामागे लागल्याने तो जिवावरच्या संकटात सापडला आहे. एकाच जातीला दोघांनी नावे दिली असतील, तर सामान्यतः आधीचे नाव टिकते.

अलीकडे पायाच्या तुकड्यातून डीएनए काढून तोही वर्णनाला जोडतात. २०१३ मध्ये अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी न्यू गिनीतील ‘ट्रायगोनॉप्टेरस’ या न उडणाऱ्या सोंडकिड्यांच्या १०१ नव्या जाती एकाच शोधनिबंधात मांडल्या. वर्णने आटोपशीर, सोबत छायाचित्रे आणि डीएनएचे क्रम, अशी त्यांची पद्धत होती. काही नावे तर त्यांनी तिथल्या दूरध्वनी पुस्तिकेतल्या आडनावांवरून घेतली. या वेगाची गरज आहे, कारण वर्णनाची वाट पाहणाऱ्या जाती झालेल्या जातींहून कितीतरी जास्त असाव्यात. पण नराचे जननांग या निबंधातही प्रत्येक जातीसाठी दाखवलेले आहे.