चार आकडे आणि मागची रांग

27 जून 1967. लंडनच्या उत्तरेला एन्फील्ड इथे बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर नोटा देणारं यंत्र सुरू झालं. त्याचे कर्ते जॉन शेफर्ड-बॅरन यांना लष्करातला आपला सहा आकडी क्रमांक अजून पाठ होता, म्हणून गुप्त क्रमांकही सहा आकडीच ठेवावा असं त्यांच्या मनात होतं. स्वयंपाकघरात बसून त्यांनी पत्नी कॅरोलाइनला विचारलं. तिने सांगितलं, मला चारच लक्षात राहतील. ही आठवण पुढे त्यांनीच सांगितली. आज पिनचं आंतरराष्ट्रीय मानक 4 ते 12 आकड्यांची मुभा देतं, तरी बहुतेक ठिकाणी चारच चालतात.

कॅरोलाइनबाईंना कुणी अपंग म्हटलं नसतं. त्यांची अडचण चेहऱ्यावर दिसणारी नव्हती. फक्त विचारणारा माणूस घरातलाच होता. पैसे देण्याच्या यंत्रासमोर गोंधळणाऱ्या बाकीच्यांना मात्र कुणी विचारलेलं नसतं. हात किंचित थरथरतो, आकडे उलटसुलट होतात, मेंदूला मार बसल्यापासून दोन गोष्टी एकदम जमत नाहीत. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मागची रांग चुळबुळू लागते.

आणि या चुळबुळीचा थेट परिणाम स्मरणावर होतो. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि आधीपासून पाठ असलेली गोष्टही ऐन वेळी वर येईनाशी होते. त्यातून पिन अनेकांच्या डोक्यात आकड्यांच्या रूपात नसतोच, तो बोटांत असतो. वर, खाली, तिरकं, मधलं, अशी एक वाट पाठ झालेली असते. फोनवर 1-2-3 वरच्या ओळीत असतात, गणकयंत्रावर 7-8-9. मांडणी बदलली की वाट मोडते. काही पडद्यांवर तर सुरक्षिततेसाठी दर वेळी आकड्यांच्या जागा बदलतात. चोराची अडचण होते हे खरं, पण बोटांच्या आठवणीवर जगणाऱ्याची तितकीच होते.

पाचाच्या बटणावरचा उंचवटा तुम्ही कधी चाचपून पाहिलाय? न बघता बोट कुठे आहे ते त्यावरून कळतं. सपाट काचेने तो पुसून टाकला. काचेचा पडदा बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो, दाब नव्हे. त्यामुळे बोट नुसतं टेकलं तरी आकडा उमटतो. एसेन्शियल ट्रेमर या विकारात हात हालचाल करताना सेकंदाला साधारण 4 ते 12 वेळा कापतो. अशा बोटाचा एक स्पर्श यंत्राला दोन वाटू शकतो. स्वतःच्या फोनला 'लागोपाठचे स्पर्श सोडून दे' असं सांगून ठेवता येतं. काउंटरवरचं यंत्र परक्याचं. ते आपल्याला ओळखत नाही.

मग कार्ड नुसतं टेकवून पैसे देणं हा उपाय का? बऱ्याच अंशी हो, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतली ही सर्वांत दयाळू सोय आहे, जरी ती वेग वाढवण्यासाठी आली असली तरी. कार्डात बॅटरी नसते. यंत्राच्या 13.56 मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप आपलं बोलणं उरकते. हे क्षेत्र जेमतेम काही सेंटिमीटर पोचतं. हात कापून कार्ड मध्येच बाहेर गेलं की बोलणं तुटतं. म्हणून ते हवेत धरण्यापेक्षा यंत्रावर टेकवून ठेवलेलं बरं. खरी मेख पुढे आहे: काही व्यवहारांनंतर खात्री करण्यासाठी यंत्र मध्येच पिन मागतं. म्हणजे ज्याचा सराव सुटलाय तोच आकडा, पूर्वसूचना न देता.

रंगांचं थोडक्यात. युरोपीय वंशाच्या दर 12 पुरुषांपैकी सुमारे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून यंत्रावरच्या रद्द करण्याच्या लाल आणि मान्य करण्याच्या हिरव्या बटणावर फुली आणि गोल असणं गरजेचं. मास्टरकार्डने 2021 मध्ये कडेला खाच असलेली कार्डं जाहीर केली: डेबिटला गोल, क्रेडिटला चौकोनी, प्रीपेडला त्रिकोणी. ती अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी केली, पण पाकिटातलं नेमकं कार्ड कोणतं हे घाईत न सुधरणाऱ्यालाही ती खाच तितकीच कामाची.

ऑनलाइन व्यवहारात परीक्षा वेगळी. एका पडद्यावर आलेला सहा आकडी कोड डोक्यात धरायचा, दुसऱ्या पडद्यावर जायचं, आणि कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जात असतात. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे हाताळण्यातली उपजत अडचण, असलेल्या माणसाला 619 आणि 691 यांतला फरक त्या घाईत सापडत नाही. वेबसाइटसाठीच्या सुगम्यता नियमावलीची ऑक्टोबर 2023 मध्ये आलेली 2.2 आवृत्ती यावर स्पष्ट बोलते: ओळख पटवणं केवळ स्मरणशक्तीवर किंवा आकडे उतरवून घेण्यावर अवलंबून ठेवू नका, निदान कोड जसाच्या तसा चिकटवू द्या. युरोपीय संघात 28 जून 2025 पासून बँकसेवा आणि पैसे भरण्याची नवी यंत्रं सुगम्यतेच्या कायद्याखाली आली आहेत. सेकंद मोजणाऱ्या त्या घड्याळाची मुदत वाढवायला मात्र नवं यंत्र लागत नाही. सॉफ्टवेअरमधला एक आकडा बदलावा लागतो.