श्याम नेमका कोणत्या रात्री बदलतो?

‘श्यामची आई’तला श्याम पालगडचा, दापोलीचा. पण त्याला कागदावर आणणाऱ्या साने गुरुजींची 1924 ते 1930 ही वर्षं पूर्व खान्देशात, अमळनेरच्या शाळेत गेली. श्याम कसा घडला याची चर्चा करताना ही वर्षं एका ओळीत उरकली जातात. माझ्या मते खरी पार्श्वभूमी तीच.

शिकवण्याबरोबर वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं शाळेत गेली की हा गृहस्थ त्यांच्या खोल्या झाडायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा, आणि मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचा. आज्ञा करण्याऐवजी काम करून लाजवायची ही रीत कुठून आली, हे पुस्तक वाचलेल्याला सांगायला नको. 1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची रविवारची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी या पाच दिवसांत श्याम लिहिला गेला. पुस्तक 1935 साली आलं.

आता वादाचा मुद्दा. पाठ्यपुस्तकं, वक्तृत्व स्पर्धा, कथाकथनाचे कार्यक्रम, सगळीकडे पुस्तकातली एकेक रात्र, म्हणजे एकेक प्रकरण, सुटी करून घेतात. सोयीचं आहे, तासिकेत बसतं. पण मग प्रत्येक वेळी श्याम चुकतो, आई समजावते, श्याम सुधारतो आणि घंटा होते. सलग 42 रात्री वाचणाऱ्याला असं काही दिसत नाही. तिसऱ्या रात्री तो मुक्या कळ्या तोडून आणतो. बाराव्या रात्री पोहण्याच्या भीतीने लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळते. तिथे समजावणं नंतरचं, मार आधी. 26व्या रात्री खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून आणणारा समजूतदार श्याम भेटतो. झाला की सुधारला, म्हणावं, तर 29व्या रात्री पुस्तकांच्या लोभाने चोरी! रात्रींचा क्रम म्हणजे वयाचा काटेकोर क्रम नव्हे, हे मान्य. तरीही सांगणाऱ्याने कोटानंतर चोरी ठेवली, ती लपवली नाही. सुटी रात्र निवडणारे मात्र ती सहसा निवडत नाहीत. ‘आदर्श बालक’ हा शिक्का श्यामवर या निवडीने मारला, पुस्तकाने नव्हे.

शेवटाकडे तर सुधारण्याची गोष्टच मागे पडते. कर्ज, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान, तेल आहे तर मीठ नाही अशी अवस्था. आई जाते तेव्हा श्याम लांब शिकायला आहे. घरी पोचतो तोवर उशीर झालेला असतो. ज्या माणसाला बदललेला श्याम दाखवायचा तीच उरलेली नाही. म्हणून बदललेला श्याम पुस्तकात फक्त एका जागी सापडतो: रात्री आश्रमात मित्रांना हे सगळं सांगणारा, स्वतःच्या बावळटपणाचीही सूट न घेणारा. संक्षिप्त आवृत्त्या नेमकी हीच चौकट काढून टाकतात. मग उरतो तो फक्त आईचा लाडका.

1953 च्या चित्रपटाने आईला मध्यभागी आणलं. 1954 साली राष्ट्रीय पुरस्कारात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे श्याम म्हणजे पडद्यावरचा मुलगा हे पक्कं झालं. 2023 च्या कृष्णधवल चित्रपटात गुरुजी स्वतः पात्र म्हणून दिसतात, म्हणजे सांगणारा परत आला. फेब्रुवारी 2024 मध्ये 97वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं. दोन्हीकडे गुरुजींचं नाव घेतलं गेलं. शेवग्याच्या शेंगा नि भरीत खाणाऱ्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांना कोकणातली ही गोष्ट आपली का वाटते, याचं उत्तर मला वसतिगृहाच्या त्या झाडलेल्या खोल्यांतच दिसतं. तिथल्या मुलांनी श्यामबद्दल वाचलं ते नंतर. मोठा झालेला श्याम त्यांच्या कपड्यांच्या घड्या आधीच घालून गेला होता.