लहान बालगृहाची नोंदणी आणि तपासणी: कागद कोणते लागतात, समिती काय पाहते

पंधरा-वीस मुलं, भाड्याचं घर, दोन मावश्या, एक स्वयंपाकीण आणि गावात चांगलं नाव असलेले एक गुरुजी. आपल्याकडे बऱ्याच संस्था अशाच सुरू होतात. कुणी एक पोरकं मूल आणून सोडतं, मागून दुसरं येतं, आणि वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी विचारतं, "नोंदणी केलीय ना?" मग धर्मादाय कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवलं जातं. पण ती नोंदणी न्यासाची झाली. बालगृहाची नोंदणी वेगळी असते.

ही वेगळी नोंदणी बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली होते. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथे ठेवली जातात, ती प्रत्येक संस्था नोंदलेली हवी. "आम्ही सरकारचा एक पैसा घेत नाही," हे उत्तर चालत नाही, कारण अनुदान असो वा नसो, नोंदणी सक्तीची आहे. पाटीवर आश्रम लिहिलं, छात्रालय लिहिलं, तरी आत कोणती मुलं राहतात ते पाहिलं जातं. विनानोंदणी चालवणाऱ्याला कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अर्जाला झालेला प्रत्येक ३० दिवसांचा उशीर हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. ही शेवटची ओळ बऱ्याच विश्वस्तांना ठाऊकच नसते.

अर्ज कोणी आणि कसा करायचा

अर्जदार संस्था असावी लागते. सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा ना-नफा कंपनी यांपैकी काहीही चालेल. एकट्या व्यक्तीला, ती कितीही सज्जन असली तरी, स्वतःच्या नावावर बालगृह काढता येत नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. तिथून तो पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाकडे आणि पुढे शासनाकडे जातो. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीचा विचार करूनच नोंदणी होते.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अर्जाचा नमुना क्रमांक २७ आहे आणि प्रमाणपत्राचा २८. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ चे आहेत, त्यामुळे कोरा नमुना कार्यालयातूनच घ्या. दुसऱ्या संस्थेच्या जुन्या फाइलीची झेरॉक्स काढून भरत बसू नका. सोबत जोडायचे मुख्य कागद असे: संस्थेची घटना आणि नियमावली, विश्वस्त व पदाधिकाऱ्यांची यादी, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि आजवर केलेल्या सामाजिक कामाचा लेखाजोखा. त्याशिवाय एक घोषणापत्र द्यावं लागतं, आणि ते वाचून सही करावं. संस्थेतल्या कोणालाही पूर्वी शिक्षा झालेली नाही, मुलांवरचे अत्याचार, बालमजुरी किंवा नैतिक अधःपतनाच्या कोणत्याही प्रकरणात कोणी गुंतलेलं नाही आणि संस्था काळ्या यादीत नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. हे लिहून देण्याआधी पहारेकऱ्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घेतलेली बरी. सही विश्वस्ताची असते, आणि रात्रपाळीचा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीने आलेला असतो.

इमारतीचे कागद मालकी किंवा भाडेकरारापासून सुरू होतात. भाड्याची जागा असेल तर करार अकरा महिन्यांचा नको, कारण नोंदणी पाच वर्षांची असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली यंत्रणा बसवलेली असेल, तर ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असं दोनदा द्यायचं असतं. भिंतीवरची नळकांडी रंगवून ठेवल्याने हे काम होत नाही.

अर्ज मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत तात्पुरती नोंदणी द्यायची असते, तीही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. महिना उलटूनही काही आलं नाही, तर अर्ज मिळाल्याची पोच हीच तात्पुरती नोंदणी मानली जाते. म्हणून अर्ज टपालात टाकून मोकळं होऊ नका. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत हातात घेऊनच कार्यालयातून बाहेर पडा. ती प्रत लॅमिनेट करून अधीक्षकांच्या टेबलामागे लावलेली मी पाहिली आहे, आणि त्यात काहीच चूक नाही.

जागा आणि माणसं

पन्नास मुलांच्या संस्थेसाठी आदर्श नियम एकूण ८,४९५ चौरस फूट जागा सांगतात. त्यात २५-२५ मुलांची दोन शयनगृहं येतात, प्रत्येकी हजार चौरस फुटांची. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला झोपायला ४० चौरस फूट. न्हाणीघरं पाच, शौचालयं आठ. वीस मुलांची संस्था हाच हिशोब आपल्या संख्येला लावते. नोंदणीत मुलांची क्षमता लिहिलेली असते. २० ची क्षमता आणि हजेरीपटावर २७ नावं, हा तपासणीत सगळ्यात लवकर सापडणारा दोष.

अधीक्षकांनी संस्थेच्या आवारातच राहायचं असतं. काही कारणाने ते जमत नसेल, तर दुसरा ज्येष्ठ कर्मचारी मुक्कामी हवा. मुलींच्या संस्थेत अधीक्षक आणि बाकी कर्मचारी स्त्रियाच असाव्यात. लहान संस्थांना पूर्णवेळ समुपदेशक परवडत नाही हे खरं. मग आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारी व्यक्ती नेमावी, तिच्या भेटीची नोंद ठेवावी, आणि तेच खरं सांगावं. नुसत्या नावापुरती नेमलेली समुपदेशक पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते: मुलांना तिचं नावच सांगता येत नाही.

तपासणीच्या दिवशी

कलम ५४ नुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात तीनपेक्षा कमी माणसं नकोत, त्यात किमान एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. याशिवाय बालकल्याण समितीनेही (मूल संस्थेत ठेवायचं की नाही हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) महिन्यातून किमान दोन निवासी संस्थांना भेटी द्यायच्या असतात. संस्था नोंदलेली नसली तरी तपासणी समितीला आत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाचं तपासणीचं एक मोबाइल अ‍ॅप आहे, त्याचं नाव 'मासी'. हिंदीत मासी म्हणजे मावशी. संस्थेतली खरी मावशी मात्र तपासणीच्या वेळी बहुतेकदा स्वयंपाकघरात पाठवलेली असते. तिच्याशी बोलल्याशिवाय परत येऊ नये.

माझी पद्धत साधी आहे. हजेरीपटावरचं एक नाव मनाशी निवडायचं आणि त्या एका मुलाचे सगळे कागद मागायचे. बालकल्याण समितीचा दाखल आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, आरोग्यपत्रक, शाळेचा दाखला, आधार, घरच्यांच्या भेटींची नोंद. सगळं एकाच फाइलीत मिळालं तर ठीक. मग त्याच मुलाला शोधून त्याच्याशी बोलायचं. एका मुलाच्या फाइलीत आराखडा व्यवस्थित टंकलेला होता: "चित्रकलेची आवड, प्रोत्साहन द्यावे." मुलगा म्हणाला, "ताई, मी कबड्डी खेळतो. चित्रं तो काढतो," आणि शेजारच्या पलंगाकडे बोट दाखवलं. दोघांच्या आराखड्यात वय सोडलं तर एका शब्दाचाही फरक नव्हता.

आराखडा ही सरकारी करमणूक नव्हे. मूल इथे का आलं, किती दिवस राहणार, घरी परत जाऊ शकेल का, हे त्यात लिहायचं असतं. संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा उपाय मानला आहे. बापाला दारूचं व्यसन आहे आणि आई धुणीभांडी करते, एवढ्यासाठी मूल बालगृहात आलं असेल, तर बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळवून ते आईजवळ राहू शकेल का, हा प्रश्न अधीक्षकांनीच विचारायला हवा.

स्वयंपाकघरात फलकावरचा आठवड्याचा आहार आणि साठा नोंदवही शेजारी-शेजारी ठेवायची. नियमाप्रमाणे न्याहारीसह दिवसातून चार वेळा खायला द्यायचं असतं. फलकावर बुधवारी मटकीची उसळ आहे, आणि दोन आठवड्यांत कोठीतून मटकी निघालेलीच नाही. असं दिसलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. न्हाणीघरात पाणी येतं का एवढंच बघून थांबू नये. दाराला आतून कडी आहे का, रात्री दिवा लागतो का, शयनगृहापासून ते किती लांब आहे, हेही पाहावं. मोठ्या मुली वयात आलेल्या असतील तर पॅड कुठे ठेवतात आणि ते कोणाकडे मागावे लागतात हे विचारावं. चावी पुरुष लिपिकाकडे असेल तर मुली मागत नाहीत.

आता सूचना पेटी. ती कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ असावी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, आणि दर आठवड्याला बालसमितीच्या, म्हणजे मुलांच्याच समितीच्या, सदस्यांसमोर ती उघडावी, असा नियम आहे. एका संस्थेत पेटी कार्यालयाच्या दारातच लटकत होती. किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली. आत दहाची एक नोट आणि दोन नाणी निघाली. पाहुण्यांना ती दानपेटी वाटली होती.

बालसमित्या वयोगटाप्रमाणे तीन असतात: ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८. त्यांच्या बैठकीचं इतिवृत्त मुलांच्याच अक्षरात असेल तर जरूर वाचा. "रविवारी क्रिकेटचा बॉल हवा. मावशी रागावू नयेत." अशी दोन वाक्यंही पानभर ठरावांपेक्षा जास्त सांगतात.

मुलांशी बोलताना अधीक्षकांनी खोलीबाहेर थांबायचं, हे आधीच सांगून टाकावं. यात अविश्वास दाखवण्याचा हेतू नसतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचं बालिकागृह अनुदानावर चालत होतं, अधिकाऱ्यांचं तिथे येणं-जाणं होतं. २०१८ मध्ये तिथले अत्याचार उघड झाले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं, आणि त्यांत बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समितीची माणसंही होती.

अहवालानंतर

समितीने आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा आणि त्यावर महिन्याभरात कारवाई व्हायची असते. संस्थेने अहवालाची प्रत मागून घ्यावी. पूर्तता कळवताना "त्रुटी दूर केल्या आहेत" असं मोघम लिहू नये. कडी बसवली तर बसवल्याची तारीख, बिल आणि फोटो जोडावा. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि त्या वेळी मागचे सगळे अहवाल पुन्हा टेबलावर येतात. दोष गंभीर असेल, तर नोंदणी रोखण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार शासनाला आहे. मुलाला मारहाण झाल्याचं दिसलं, तर कलम ८२ खाली संबंधित कर्मचाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड होतो. चौकशीला सहकार्य न करणाऱ्या व्यवस्थापनासाठी मात्र किमान तीन वर्षं कैद आहे. म्हणजे लपवणाऱ्याला मारणाऱ्यापेक्षा जड शिक्षा.

शेजाऱ्यांना, देणगीदारांना किंवा वाढदिवसाला जेवण घालायला गेलेल्यांना काही खटकलं, तर १०९८ वर फोन करता येतो. तो चोवीस तास चालू असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी तक्रारही देता येते. तक्रारीत संस्थेचा पत्ता, तुम्ही गेलात ती तारीख-वेळ आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहा. मुलांचे फोटो काढून गटांवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे.