जपानमध्ये नोकरी मिळाली, आता पुढे? इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरसाठी सीओई, व्हिसा आणि कागदपत्रं

जपानी कंपनीचं ऑफर लेटर आलं की बहुतेक जण आधी व्हिसाचा फॉर्म शोधायला लागतात. व्हिसा हा शेवटचा टप्पा आहे. खरी छाननी त्याआधी जपानमध्येच होते, ती सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीसाठी, म्हणजे सीओईसाठी. हा अर्ज तुमच्या वतीने कंपनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात करते. साधारण एक ते तीन महिने लागतात आणि सरकारी फी शून्य. म्हणून 'सीओई काढून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. आणि सीओई हातात पडेपर्यंत इथल्या नोकरीचा राजीनामा टाकू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

सर्किट डिझाइन, एम्बेडेड, चिप टेस्टिंग ही कामं 'इंजिनीअर, स्पेशालिस्ट इन ह्युमॅनिटीज, इंटरनॅशनल सर्व्हिसेस' या व्हिसाच्या वर्गात मोडतात. जपानीत त्याला थोडक्यात 'गिजिन्कोकु' म्हणतात. अट अशी की कामाशी संबंधित विषयाची पदवी हवी, नाहीतर त्या कामाचा 10 वर्षांचा अनुभव. पगार त्याच कामासाठी जपानी माणसाला मिळतो तेवढा किंवा जास्त असायला हवा. आपल्याकडचा तीन वर्षांचा डिप्लोमा पदवी म्हणून धरला जात नाही. नुसता डिप्लोमा असेल तर अनुभवाचा रस्ता. तुमची भारतातली कंपनीच तुम्हाला तिच्या जपानी शाखेत पाठवत असेल तर वर्ग वेगळा, आणि त्यासाठी आधी किमान एक वर्ष त्या कंपनीत काम झालेलं लागतं.

कागदपत्रं मोजकीच : पासपोर्टची प्रत, 4 बाय 3 सेंटिमीटरचा फोटो, पदवी प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं, बायोडेटा. करारनामा आणि कंपनीचे कागद कंपनी जोडते. जे कागद जपानीत नाहीत त्यांचं भाषांतर कोण करणार, हे एचआरला आधीच विचारून घ्या. अनुभवाच्या पत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, आणि काम नेमकं काय केलं तेही. 'सीनिअर इंजिनीअर म्हणून समाधानकारक काम केले' एवढ्यावर भागत नाही. 'पॉवर सप्लाय बोर्डाचं डिझाइन आणि टेस्टिंग' असं लिहून घ्या.

खरी अडचण नावाची होते. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, तर नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. पदवीवर मात्र आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, काही विद्यापीठांत पुढे आईचंही. माझ्या अनुभवाच्या पत्रावर तर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर होतं. हा माणूस एकच आहे का, असा प्रश्न आला, पत्र नव्याने मागवावं लागलं आणि त्यात तीन आठवडे गेले. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी विवाह नोंदणीचा दाखला आधीच जोडावा.

सीओई हल्ली ईमेलनेही मिळतो. तो दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोहोचायचं असतं. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. पुणेकर आपला अर्ज पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) देऊ शकतात. सीओई असला की व्हिसाचं काम सहसा लवकर होतं.

नारिता, हानेदा, चुबू, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरलात तर निवास कार्ड तिथेच हातात मिळतं. घर पक्कं झालं की 14 दिवसांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवायचा. टोकियोत निशी कासाईला राहिलात, जिथे आपली बरीच मंडळी आहेत, तर एदोगावा वॉर्डाचं कार्यालय. बँकेत नाव कातकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं. 'ज्ञानेश्वर' कातकानात चार तऱ्हांनी लिहिता येतं. एक तऱ्हा ठरवा, कागदावर उतरवून पाकिटात ठेवा आणि बँक, मोबाइल, पगार सगळीकडे तीच द्या.

वय कमी आणि शिक्षण जास्त असेल तर 'हायली स्किल्ड प्रोफेशनल' वर्गाचे गुण एकदा मोजून बघा. 70 लागतात. वय 29, मास्टर्स, पाच वर्षांचा अनुभव, वर्षाला 50 लाख येन पगार : 15, 20, 10 आणि 15, म्हणजे 60. त्यात जपानी भाषेची एन2 पातळीची परीक्षा पास झाली की आणखी 10. एवढे गुण टिकले तर तीन वर्षांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. एरवी त्यासाठी साधारण दहा वर्षं थांबावं लागतं. माझ्या मते जपानीचे क्लास निघण्याआधीच लावावेत, ते याच कारणासाठी.

जोडीदाराला 'डिपेंडंट' म्हणून नेता येतं; वेगळी परवानगी काढली की आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं.

पेन्शनचा हप्ता पगारातून कापला जातो. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलं असेल तर ईपीएफओकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र काढून न्या, तिथली कपात टळते. थेट जपानी कंपनीत लागलात तर ही सूट नाही. परतताना एकरकमी पैसे काढता येतात, अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांत करायचा. पण ते काढले की तेवढी वर्षं कराराखाली पुन्हा मोजली जात नाहीत.

आणि रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर, जूनपासून कापला जातो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने पगार भरघोस दिसतो आणि पुढच्या जूनमध्ये एकदम घटतो. घरभाडं ठरवताना तो जूननंतरचा पगार धरा.