फलंदाजीची सरासरी: बेसबॉलमधल्या एका जुन्या आकड्याची पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये आकडेवारी रुजवली ती क्रिकेटच्या एका वार्ताहरानं. हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मला आणि लहानपणीच ब्रुकलिनला आला. क्रिकेटचा धावफलक अंगवळणी पडलेला, त्यामुळे बेसबॉलसाठीही त्यानं तशीच चौकट आखली. मात्र चार चेंडू बाहेर पडले की फलंदाजाला मिळणारा बेस (धाव पुरी करताना गाठायचा टप्पा), म्हणजे वॉक, त्याच्या लेखी निव्वळ पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, चूक होती. फलंदाजाला त्याचं श्रेय नाही. ही समजूत फलंदाजीच्या सरासरीत मुरली ती कायमची: वॉक वगळून उरलेल्या खेळींपैकी किती वेळा हिट, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला, एवढंच ती मोजते. १८८७ साली वॉकला हिट धरून पाहिलं, सरासऱ्या भरमसाट फुगल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळला गेला.

यात काय हरवतं ते पाहा. दोन फलंदाज, दोघेही ६०० वेळा खेळायला आले. पहिल्याला ३० वॉक आणि उरलेल्या ५७० मध्ये १७१ हिट: सरासरी ०.३००. दुसऱ्याला १०० वॉक, ५०० मध्ये १३० हिट: सरासरी ०.२६०. वर्तमानपत्रात कौतुक पहिल्याचं. पण तो बेसवर पोचला २०१ वेळा, दुसरा २३० वेळा. म्हणजे दुसऱ्यानं २९ आउट वाचवले, आणि नऊ डावांच्या अख्ख्या सामन्यात संघाच्या वाट्याला आउट असतात २७. आउट हेच संघाचं भांडवल, आणि सरासरी नेमकं तेच झाकते.

१९०६ चा शिकागो व्हाइट सॉक्स हा संघ तर या आकड्यामुळे आजही उगाच बदनाम आहे. संघाची सरासरी ०.२३०, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतल्या दोन लीगपैकी एक) सर्वांत कमी. नावच पडलं ‘हिटलेस वंडर्स’, म्हणजे हिटविना चमत्कार करणारे. प्रत्यक्षात धावांच्या बाबतीत हा संघ लीगमध्ये तिसरा होता, कारण वॉक मिळवण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. त्यांनी ११६ सामने जिंकलेल्या शिकागो कब्जला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीत, ४-२ असं हरवलं. त्यांची फलंदाजी दुबळी नव्हती, ती मोजायची पट्टी चुकीची होती.

ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीनं १९४७ मध्ये अ‍ॅलन रॉथ हा पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ नेमला, आणि १९५४ मध्ये ऑन-बेसचं, म्हणजे वॉक धरून फलंदाज किती प्रमाणात बेसवर पोचतो या आकड्याचं, महत्त्व जाहीरपणे मांडलं. तरी मेजर लीगनं हा आकडा अधिकृत केला थेट १९८४ मध्ये. दरम्यान बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स यानं, कॅन्सस राज्यात रात्रपाळीची रखवाली करता करता, फलंदाजाच्या कामगिरीतून संघाला किती धावा मिळतात याचं सूत्र बांधलं होतं.

संघ दुबळा ठरवताना काळही बघावा लागतो. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ होते की अमेरिकन लीगमध्ये ०.३०० ओलांडणारा कार्ल यास्ट्रझेम्स्की एकटाच, तोही ०.३०१ वर. पुढच्या हंगामात पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला गेला. १९६८ ची त्या अख्ख्या लीगची सरासरी होती ०.२३०, म्हणजे १९०६ मध्ये व्हाइट सॉक्सला तळाला नेणारा तोच आकडा.