तोबे-याकी

जपानच्या शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतातील तोबे या गावी तयार होणारी चिनी मातीची भांडी. पांढरट अंगावर हाताने काढलेली निळी नक्षी ही त्यांची ओळख. भाताचे वाडगे, नूडल्सचे खोलगट वाडगे, ताटल्या, चहाचे पेले अशी रोजच्या जेवणातली भांडीच येथे मुख्यतः घडतात. मात्सुयामा शहराच्या दक्षिणेला वसलेल्या या गावात शंभराच्या आसपास भट्ट्या आहेत. त्यांतल्या बहुतेक लहान, घरगुती स्वरूपाच्या.

या उद्योगाचा जन्म दगडाच्या कचऱ्यातून झाला. तोबेच्या डोंगरात हत्यारांना धार लावण्याचा उत्तम दगड निघे आणि तो दूरवर विकला जाई. पण खाणीतून निघणाऱ्या चुऱ्याचे करायचे काय? तो वाहून टाकण्याचे काम गावकऱ्यांच्या माथी येई आणि ते त्याला वैतागलेले असत. या चुऱ्यापासून चिनी माती करता येईल, असे ओसाकातील एका दगडाच्या व्यापाऱ्याने सुचवले. हा भाग ओझू संस्थानात मोडे आणि संस्थानची तिजोरी रिकामी होती. तेथील अधिपती काटो यासुतोकी याने 1775 मध्ये प्रयोगाचा हुकूम दिला; काम सुगिनो जोसुके याच्यावर सोपवले. क्यूशू बेटावरून कारागीर बोलावले गेले. तरी भट्टीतून निघणाऱ्या भांड्यांना तडे जात. दोष झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात आहे हे उमगल्यावर तिच्यासाठी जवळपासच दुसरा दगड शोधला गेला आणि 1777 मध्ये पांढरे भांडे साधले. पुढे 1818 मध्ये मुकाई गेन्जी याला कावानोबोरी येथे अधिक शुभ्र दगड सापडला. त्याआधीच्या मालाला करडी झाक असे.

तोबेचे भांडे हातात घेताच वजन जाणवते. भिंती जाड, बूड रुंद, आणि काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवून फुगीर केलेला. टवके उडतात ते आधी काठाचे. म्हणून तेथेच माल जास्त ठेवलेला. नवरा-बायकोच्या भांडणात फेकले तरी फुटत नाही, अशी या भांड्यांची ख्याती आहे आणि ‘भांडणाची भांडी’ हे नावही तिच्यातूनच पडले. (प्रयोग करून पाहू नये.) एदो काळात (1603–1868) ओसाकाजवळच्या योदो नदीवर होड्यांतून प्रवाशांना जेवण विकणारे फेरीवाले जड बुडाचे, सहजी न कलंडणारे वाडगे वापरत. जपानभर ‘कुरावांका’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वाडग्यांचा घाट तोबेत आजही घडवला जातो. शिकोकूतल्या उदोनच्या (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) दुकानांतही अनेक ठिकाणी तोबेचाच वाडगा पुढ्यात येतो: आत रस्सा उकळता असला तरी जाड भिंतीमुळे तो हातात धरवतो.

चाकावरून उतरलेले भांडे वाळवून आधी 900 अंश सेल्सियसच्या आसपास कच्चे भाजतात आणि मग रंगवतात. रंग म्हणजे गोसु, कोबाल्टचे खनिज. पाण्यात कालवलेला गोसु काळपट, मळकट दिसतो. निळा होतो तो झिलईखाली, भट्टीत. कच्चे भाजलेले अंग पाणी झटकन शोषते. कुंचला जरा रेंगाळला की तिथे डाग धरतो आणि पुसता येत नाही. त्यामुळे वेलीचे वळण एका दमात, हात न थांबवता घ्यावे लागते. नंतर झिलईत बुडवून सुमारे 1300 अंशांवर, हवा कोंडून पुन्हा भाजतात. हवा मोकळी सोडली तर दगडातले लोह पिवळट रंग देते; कोंडल्याने अंगावर किंचित निळसर पांढरेपणा येतो.

मेइजी काळात (1868–1912) मात्र तोबेनेही हाताची नक्षी बाजूला सारून छाप्याचा स्वस्त माल काढला आणि तो आग्नेय आशियात निर्यात केला. पुढे यंत्रांवर चालणाऱ्या सेतो आणि मिनो या केंद्रांपुढे गाव मागे पडले. या मागासलेपणानेच त्याला तारले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 1953 मध्ये लोककला चळवळीचे यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच येथे आले, तेव्हा इतरत्र लोपत चाललेले हातकाम तोबेत शिल्लक होते आणि त्यांनी त्याचीच वाखाणणी केली. त्यानंतर तरुण कारागिरांनी जुन्या नक्षीचा पसारा छाटून मोजक्या, ठसठशीत फटकाऱ्यांची शैली बसवली. बाइझान या 1882 पासून चालत आलेल्या भट्टीची वळणदार वेल त्यांतली सर्वाधिक ओळखीची. 1976 मध्ये जपान सरकारने तोबे-याकीला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

हातची नक्षी ओळखायची तर रेघेचे टोक पाहावे. कुंचला टेकला तिथे निळा रंग साठून गडद झालेला असतो, उचलला तिथे फिका आणि निमुळता. एकाच संचातल्या दोन ताटल्यांची वेल कधी तंतोतंत जुळत नाही. छाप्यात रंग सगळीकडे सारखा पडतो.